उरलेली वाईन घरी नेता येते

हे मी निखिललाही सांगितलेलं नाही. नवऱ्यापासून लपवलेलं प्रत्येकीकडे काही ना काही असतं, पण हे तसलं नाही. हे ऐकलं तर तो ओरडणार नाही, नुसता माझ्याकडे बघेल — आणि ते मला सोसायचं नाही. तुमचा माझा काही संबंध नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आधी स्नेहलबद्दल. जर्मनीत, कार्ल्सरूहेला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. ती दुसऱ्या मजल्यावर, मी बरोबर तिच्या डोक्यावर. तिचा नवरा प्रसाद आणि माझा निखिल एकाच सॉफ्टवेअर कंपनीत. चार लोकांत प्रसाद म्हणजे देवमाणूस. मला वहिनी म्हणायचा, माझ्या जड पिशव्या जिना चढून वर आणून द्यायचा. आणि घरात? घरात तो स्नेहलला पट्ट्याने मारायचा. रोज नाही, प्यायल्यावर. घरात देव आहेत म्हणून बाटली विकत आणणार नाही, असं त्याने आईला वचन दिलं होतं, आणि ते तो पाळायचाही. वाईन प्यायची ती हॉटेलात, लोकांसमोर, हसतखेळत. पण काही उरलं की पार्सल हवंच — अर्धा नान असो की चमचाभर रायतं. तशीच एकदा उरलेली बाटली घरी आली. विकत आणलेली नव्हे, उरलेली; म्हणजे वचन शाबूत. दुसऱ्या दिवशी स्नेहलने मला पाठ दाखवली होती. वळ लाल नव्हते, काळे होते.

पोलिसांत जा म्हटलं, तर म्हणाली, "गप गं, माझा व्हिसा त्याच्यावर आहे." मग तिने तिच्या परीने उपाय केला — एक कायदाच केला. जर्मनीत उघडलेली बाटली हॉटेलातून घरी नेणं गुन्हा आहे, धरलं तर व्हिसावर येतं, असं तिने प्रसादला ठासून सांगितलं. त्याला ते पटलं. का पटू नये? आपल्याकडे प्यायलाही परवाना लागतो, आणि इथे तर रविवारी आवाज नको म्हणून भिंतीत खिळा ठोकायची सोय नाही. बायकोवर हात टाकणारा हा माणूस रस्ता रिकामा असला तरी लाल सिग्नलला थांबायचा. त्यानंतर उरलेली वाईन टेबलावरच राहायला लागली, आणि स्नेहलची पाठ बरी झाली.

हे सगळं मला स्नेहलनेच सांगितलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, स्वतःच्या हुशारीवर हसत. मला सगळं माहीत होतं — एवढं लक्षात ठेवा.

ओवीचा, म्हणजे तिच्या मुलीचा वाढदिवस होता. रविवारची दुपार. द्राक्षमळ्यांच्या कडेला एका हॉटेलात आम्ही दोन्ही कुटुंबं जेवायला गेलो होतो. प्रसादने बाटली मागवली. निखिलला गाडी चालवायची होती, आम्ही दोघी पीत नाही, तेव्हा बाटली अर्ध्याहून जास्त उरली. माझा ईशान मला काहीतरी जर्मनमध्ये म्हणाला आणि स्नेहल हसली. "अगं मेधा, हा तुझ्याशी मराठी बोलतच नाही का? आमच्या ओवीला बाई घरात जर्मन चालत नाही." बस, एवढंच. तिच्या मनात काही नसेलही. पण निखिल हसला, प्रसाद हसला, आणि माझ्या कानांपर्यंत आग गेली. तिला मारावंसं वाटलं — खरंच, हात उचलून. मी उचलला नाही. माझ्याकडे त्याहून चांगलं काहीतरी होतं.

प्रसाद बाटलीकडे बघून हळहळत होता. "फुकट जाणार बघा एवढी. काय हे कायदे!"

"कसला कायदा?" मी म्हणाले.

टेबलाखाली स्नेहलचा पाय माझ्या पायावर आला. तिने जोरात दाबला. मला कळलं नाही, असं म्हणू का? इतकी वर्षं लोकांना तेच सांगत आलेय. मला कळलं होतं. मी पाय काढून घेतला.

"असा काही कायदाच नाही हो इथे. पैसे दिले की बाटली तुमची. थांबा, विचारतेच." आणि मी वेटरला हाक मारली. "नातुर्लिश," म्हणजे अर्थातच, असं तो म्हणाला, बूच परत दाबून बसवलं, बाटली कागदी पिशवीत घातली आणि प्रसादच्या हातात दिली. "गेनाऊ," अगदी बरोबर, मी म्हणाले. प्रसादने स्नेहलकडे बघितलं. तो हसत होता. त्याला एकाच वेळी दोन गोष्टी समजल्या होत्या — बाटली नेता येते, आणि बायको इतके दिवस खोटं बोलत होती. ती दुसरी गोष्टही मीच दिली त्याला.

घरी आल्यावर निखिल मुलांना घेऊन श्पीलप्लात्झवर खेळायला गेला. मी वर आले आणि चहा टाकला. खालून आधी त्याचा आवाज आला, मग खुर्ची पडली, मग ती ओरडली. माझं नाव घेऊन ओरडली — दोनदा. मी काय केलं असेल? चहा गाळला. कप हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिले, आणि मनात आलं ते तसंच सांगते: बोल आता मराठी. मग काहीतरी जड, ओलं आदळलं आणि एकदम शांत झालं. वाईनच्या बाटलीची काच जाड असते. ती फुटली नाही. स्नेहलचा जबडा फुटला.

पोलिसांना मी बोलावलं नाही. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी बोलावलं, रविवारी आवाज होतोय म्हणून. प्रसादला नेताना जिन्यात रक्ताने माखलेला त्याचा शर्ट मी पाहिला. तो मला म्हणाला, "सॉरी, वहिनी."

हॉस्पिटलमध्ये स्नेहलचे दात तारेने बांधले होते. बोलताना लाळ गळत होती. ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या लक्षात नसेल राहिलं." मी म्हणाले, "हो ना गं, अगदी विसरले बघ." इतकं सहज म्हणाले, की माझं मलाच खरं वाटलं.

आता ती ओवीला घेऊन हॅनोव्हरला असते, नोकरी करते. घास चावताना तिचा जबडा कट् कट् वाजतो. मध्यंतरी आमच्याकडे आली, तेव्हा आम्ही बाहेर जेवायला गेलो. निखिलने एक बाटली घेतली होती, थोडी उरली. वेट्रेसने विचारलं, बांधून देऊ का? मी बाटलीकडे बघतच राहिले. स्नेहलला वाटलं, मला तो दिवस आठवून त्रास होतोय. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि हलकेच दाबला.

या वेळी मी हात काढून घेतला नाही.