तोंडचोरी

कलावती अक्का कुणाशीही बोलायच्या ते शेताच्या पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारल्यासारखं. धरणगावजवळच्या त्या गावात मी शाळेत शिकवायचो आणि त्यांच्या ओट्याला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहायचो. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई चिडल्यात. त्या मला चहाला बोलवत होत्या.

अक्का ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या. गावात पाणी सोडलं की वरच्या गल्लीतल्या टाक्या भरून वाहायच्या आणि खालच्या गल्लीतले नळ नुसते फुसफुसायचे. दर ग्रामसभेत अक्का तोच विषय काढत. सरपंच म्हणत, "अक्का, पुढचा विषय घेऊ." त्या म्हणत, "आधी हाऊ विषय संपू द्या."

अशाच एका सभेत कुणीतरी त्यांचा फोटो काढला. हात वर, तोंड उघडं, पदर घसरलेला. त्यावर ठळक ओळ टाकली, 'हा नळ कधी बंद होणार?' संध्याकाळी तो फोटो गावाच्या ग्रुपवर होता, मग जळगावात, आणि तिथून दोंडाईचाला त्यांच्या मुलीच्या, वैशालीच्या सासरी. जेवताना घरातली माणसं तो एकमेकांना दाखवून हसत होती. वैशालीने रडतच फोन केला. "माय, राजीनामा दी टाक."

"काबर देऊ? मी काय चोरी करी का?" अक्कांनी फोन ठेवला आणि माझ्या दारात आल्या. आवाज कधी नव्हे तो खाली होता.

"सर, याले काय म्हनतस?"

"मीम म्हणतात, अक्का. फोटोवर गमतीची ओळ लिहायची आणि पाठवायची."

"लिखनारनं नाव कोठे शे?"

"नाव नसतं."

त्यांनी फोटोतल्या तोंडावर बोट ठेवलं. "तोंड मन्हं, बोल दुसराना, आनि नाव कोनंच नही. मंग मीम काबर म्हनो? हाई तोंडचोरी शे."

सगळे मीम तसे नसतात, हे पटवायला मी माझ्या फोनमधले दोन-चार दाखवले. चिखलात बसलेल्या म्हशीवर कुणीतरी 'आज सुट्टी' लिहिलं होतं. अक्का मनापासून हसल्या. "हाई मीम ऱ्हाऊ द्या. म्हैसले काय फरक पडत नही."

पुढच्या ग्रामसभेत सरपंचांनी आपणहून विषय काढला. "अक्का, मीम आहे ते. गंमत समजून सोडून द्या."

अक्कांनी काखेतली गुंडाळी टेबलावर पसरली. धरणगावहून छापून आणलेलं बॅनर होतं. तोच फोटो, तीच ओळ. खाली नवी ओळ होती, 'खालच्या गल्लीत पाणी येईल तेव्हा', आणि त्याखाली अक्कांचं पूर्ण नाव.

"खालनी ओळ मन्ही शे. वरनी ज्यानी शे, त्यानी बी नाव टाको."

वरच्या ओळीला नाव न मिळताच बॅनर चौकात लागलं. ते फाडलं गेलं, अक्कांनी दुसरं लावलं. तेही फाडलं, तिसरं आलं. फाडणारे आधी थकले.

वैशाली नवऱ्यासोबत आली तेव्हा तिने त्या बॅनरखाली आईबरोबर फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. सासूचा लगेच फोन आला, काढून टाक म्हणून. वैशाली शांतपणे म्हणाली, "आई, त्यात लाजण्यासारखं काय आहे? ती माझी माय आहे." फोटो राहिला.

उन्हाळ्यात खालच्या गल्लीला वेगळी लाईन मिळाली. पुढच्या निवडणुकीत मात्र वॉर्डाचं आरक्षण बदललं आणि अक्का उभ्या राहू शकल्या नाहीत. गावात काहींनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

माझी बदली व्हायच्या आधीची ती शेवटची ग्रामसभा. अक्का आता बायकांमध्ये खाली सतरंजीवर बसल्या होत्या. रस्त्याचा विषय निघाला तशा त्या हात वर करून उभ्या राहिल्या. समोर दोघा-तिघांनी मोबाईल काढले. अक्का थांबल्या, पदर सारखा केला आणि त्यांच्याकडे सरळ तोंड केलं.

"काढी ल्या फोटो," त्या म्हणाल्या. "मंग मी बोलस."

मोबाईल एकेक करून खिशात गेले. अक्का बोलू लागल्या.