तिसरा अल्बम मी बदलला नाही

रॉकचे तीन अल्बम मला अव्वल वाटतात. जाणकारांचे तीस असतील, तीनशे असतील, असू देत. माझे तीन आहेत आणि ते मी ऐकून ठरवलेत, वाचून नाही. वाचणार तरी काय, माझं इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरतं. त्या गाण्यांचे शब्द मला आजही निम्मे कळत नाहीत. पण सतार वाजते तेव्हा तरी कुठले शब्द कळतात हो आपल्याला? तिथे कोणी विचारत नाही, की बाई, तुम्हाला समजलं का.

नावं इथे लिहीत नाही. नावं लिहिली की लोक नावांवरून भांडत बसतात आणि ऐकायचं राहून जातं.

तेव्हा आम्ही विद्यानगरला राहत होतो. हे तारनाक्याला रेल्वेत होते, मुलगी लग्न होऊन गेलेली. त्या वर्षांत आमच्या गल्लीत सगळं एकदमच आलं. फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्यांकडे फोन वाजायला लागले, आणि गच्चीगच्चीवरून केबलची काळी वायर घरात उतरली. दुपारी मी मालिका लावायचे, पण केबलवाला मधेच चॅनेल इकडचे तिकडे करून ठेवायचा. अशाच एका दुपारी मेथी निवडत बसले होते, आणि मालिकेच्या जागी लांब केसांची चार पोरं गिटारी घेऊन उभी. उठून बंद करणार होते. त्यातला एकजण गात होता, म्हणजे ओरडतच होता, आणि ओरडता ओरडता त्याचा आवाज एका जागी फाटला. त्यानं तो सावरला नाही. तसाच फाटका पुढे नेला. मी शेतकऱ्याच्या घरातली. रानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारताना माझ्या आईचा आवाज असाच फाटायचा, आणि तोच लांबवर पोचायचा. मेथी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी कोठीच्या बाजारात गेले. तिथे कोऱ्या कॅसेटवर पाहिजे ते भरून देणारं एक दुकान होतं. दुकानदारानं मला बघून आधीच सांगून टाकलं, अम्मा, भजनं त्या बाजूला. नक्को म्हटलं, आणि तिथे गिऱ्हाइकांत उभी राहून ती चाल गुणगुणून दाखवली. तो हसला नाही, एवढं खरं. म्हणाला, "ये आपके काम का नहीं, अम्मा."

"मेरे काम का क्या है, वो मैं सुन के बोलूँगी. तुम भरो."

मग माझं येणंजाणंच सुरू झालं. सगळंच आवडलं असं नाही. पुष्कळ नुसता गोंगाट होता, तो परत नेऊन त्याच कॅसेटवर दुसरं भरून घेतलं. माझी कसोटी साधी. टेपरेकॉर्डर ओट्याशेजारच्या खिडकीत असायचा. पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत हात एकदाही बटणाकडे गेला नाही, तर तो अल्बम अव्वल. कणकेचा हात धुऊन जावंसं वाटलं, की गेला तो.

असे तीन उरले. एक त्या फाटक्या आवाजाचा. दुसऱ्यात ड्रम वाजवणारा प्रत्येक वेळी किंचित उशिरा पोचतो, मुद्दाम, आपल्यावाचून गाडी सुटत नाही हे माहीत असलेल्या गार्डासारखा. आणि तिसरा. तिसऱ्यात सगळे मिळून रागावलेले असतात, गाण्यागणिक राग चढत जातो, आणि अगदी शेवटी एकटी गिटार वाजते. गाणारा नाही, ड्रम नाही. घरात मोठं भांडण होऊन गेल्यावर कोणीतरी हल्लू उठून दिवा लावतं, तसं ते वाजतं.

आता बैठकीचं सांगते. आमच्या भागातल्या काही मराठी घरांची महिन्याच्या एका रविवारी ऐकायची बैठक असायची. ज्याचं घर त्याची निवड. संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. संपल्यावर घरवाल्यानं सांगायचं, हेच का निवडलं. हे नियम एका वकीलसाहेबांनी घालून दिलेले. वयानं वडील, बैठकीचे कर्तेधर्ते, त्यांच्याकडे जुन्या तबकड्यांनी भरलेलं कपाट. ज्याचं घर म्हणजे घरातला पुरुष, असं कोणी कधी म्हटलं नव्हतं, पण चालत तसंच आलेलं. आम्ही बायका आत पोहे परतत जेवढं कानावर येईल तेवढं ऐकायचो.

त्या वर्षी ठरलं होतं, की प्रत्येक घरानं आपले अव्वल तीन सांगायचे आणि त्यातलं एक पूर्ण ऐकवायचं. आमची पाळी आली तर यांना काही सुचेना. नेहमीची नाट्यपदं लावू म्हणाले. मी म्हटलं, या वेळी मी निवडते.

"निवड की," हे म्हणाले, "पण वकीलसाहेबांना तूच सांग."

सांगितलं. साहेब दोन दिवसांनी स्वतः घरी आले. चहा ठेवला, त्याला हात लावला नाही. मला तालीम, घराणं, साधना असं बरंच समजावलं. मग मुद्द्यावर आले.

"वहिनी, लावायला माझी ना नाही. पण गंमत म्हणून लावा. अव्वल म्हणू नका."

"गंमत म्हणून मी पत्ते खेळते, साहेब."

ते म्हणाले, तुम्ही हे अव्वल म्हणालात तर उद्या कोणीही काहीही घेऊन येईल. मी म्हटलं, येऊ दे की, ऐकू. त्यांना वाटत होतं की बाई इंग्रजी गाण्यासाठी हटून बसलीय. मला तो एक शब्द पाहिजे होता. बाकी सगळ्यांनी आपापल्या घरात बसून तो आपापल्या निवडीला लावला होता, कोणी पुरावा मागितला नव्हता. माझ्याच वेळी तो कपाटात ठेवायचा? मी सांगून टाकलं, अव्वल नाही म्हणायचं तर आमच्याकडे बैठकच नाही. साहेबांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि बघू म्हणून गेले.

रविवारी सगळे आले. सकाळीच खाणं करून झाकून ठेवलं होतं आणि बायकांना बाहेरच्या खोलीत बसवलं होतं. वकीलसाहेबांबरोबर त्यांची बायको आणि जावई होते. जावई कुकटपल्लीला राहायचे, कॉम्प्युटरच्या कंपनीत होते. मी तिसरा अल्बम लावला. थोड्याच वेळात जावयांचा पाय हलायला लागला. साहेबांनी तो पाय पाहिला. जावयाला काय बोलणार, छताकडे बघत बसले. कोपऱ्यात कोणीतरी कुजबुज सुरू केली, तेव्हा साहेबांची बायकोच म्हणाली, मधे बोलायचं नाही, संपू द्या.

संपलं. मी उठून माझे तीन सांगितले, आणि हा अव्वल का तेही सांगितलं. इतका राग करून झाल्यावर शेवटी गप्प कसं व्हावं हे ज्यांना कळलं ते मोठे, असं काहीसं मी म्हणाले.

जावई फार खूश होते. म्हणाले, "काकू, अल्बम जबरदस्त. माझ्याकडे याची सीडी आहे. फक्त ते शेवटचं यातलं नाही. वाजवणारा वेगळाच आहे. फीत उरली म्हणून दुकानवाल्यानं भरलंय."

भरतातच ते. शेवटी फीत कोरी राहिली की गिऱ्हाईक भांडतं, म्हणून हाताला येईल ते टाकून देतात. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

वकीलसाहेब खुर्चीत नीट सरकून बसले. "म्हणजे वहिनी, तुमचा थोर कलावंत कोठीतला दुकानदार निघाला."

सगळे हसले. हेही हसले.  साहेब आता उदार झाले होते. म्हणाले, काही हरकत नाही, तुमचे दोनच धरू, नाहीतर तिसऱ्याच्या जागी दुसरं काही सांगा.

"नाही," मी म्हटलं. "तीनच. आणि तिसरा हाच."

"वहिनी, पण तो अल्बम असा नाहीच आहे ना."

"तुमच्या कपाटातल्या तबकड्या केवढ्या? तीन-साडेतीन मिनिटांच्या. गवयाचा राग एवढाच होता का तो? तबकडीत मावेना म्हणून कापला. कापलेला तुम्ही अव्वल म्हणता ना? मग फीत उरली म्हणून जोडलेला मी म्हणते."

 साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"हा युक्तिवाद झाला, वहिनी."

"मग द्या निकाल."

निकाल काही त्यांनी दिला नाही. बशी हातात आल्यावर पोहे छान झालेत म्हणाले. आणि बरंच झालं. त्यांच्याकडे निकाल मागायचं मला कारणच काय होतं?

जावई मात्र सज्जन माणूस. पुढच्याच आठवड्यात सीडी आणि ती वाजवायचं यंत्र घेऊन आले आणि काही दिवस आमच्याकडेच ठेवून गेले. त्या एकट्या गिटारवाल्याची सीडीही शोधून आणली होती. मी दोन्ही नीट ऐकल्या, कुणाची बाजू न घेता. आवाज काय स्वच्छ, बोटं तारेवरून घसरतात तीही ऐकू येतात. पण तो अल्बम रागातच सुरू होतो आणि रागातच संपतो. संपला की खोलीत दार आपटून कोणी गेल्यासारखं वाटतं. आणि त्या गिटारवाल्याच्या सीडीत माझा तुकडा मधेच कुठेतरी आहे, आधी एक गोड गाणं, नंतर एक गोड गाणं. तिथे तो काहीच नाही हो. आला आणि गेला.

म्हणून सीडीवाला तो अल्बम चांगला आहे, अव्वल नाही. त्या गिटारवाल्याचा तर चांगलाही नाही. अव्वल आहे तो माझ्या कॅसेटवरचा, आणि तो जगात कुठल्याही दुकानात मिळत नाही. त्याला मी काय करू?

वर्षभरानं आमची पाळी फिरून आली. वकीलसाहेबांनी यांच्याजवळ निरोप दिला, वहिनींना विचारा, या वेळी त्यांचे अव्वल तीन कोणते. मी कळवलं, तेच. आणि ऐकवणार तिसरा, शेवटपर्यंत.