एका पोरीसाठी नळी फोडत नाहीत

माझे पुढचे दोन दात मुळशी खोऱ्यात पडले. त्या जागेवर आता धरणाचं पाणी आहे, तेव्हा दात बुडाले असं म्हणायला हरकत नाही. बायको म्हणते, दात गेले तरी जीभ काही सुधारली नाही. तिचं खरं आहे. त्या वर्षी माझ्या जिभेनं जे करून ठेवलं ते कुणाच्या काठीनं झालं नसतं.

मी तेव्हा देवी काढायच्या, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचायच्या, खात्यात नोकरीला होतो. वय पंचवीस, अंगात खाकी कोट, खांद्याला पत्र्याची पेटी. पेटीत एक बारीक सुरी, नावं लिहायची वही आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लशीच्या काचेच्या नळ्या. पोराच्या दंडावर चार ओरखडे काढायचे, त्यात लस चोळायची आणि आठव्या दिवशी परत येऊन फोड धरलाय का ते पाहायचं. फोड धरला की त्या पोराला देवीची भीती उरत नसे. नळी एकदा फोडली की लस त्याच दिवशी संपवावी लागे. म्हणून वरून हुकूमच होता: चार-पाच पोरं जमल्याशिवाय नळी फोडायची नाही.

खोऱ्यात धरणाचं काम चालू होतं. मोजणीवाले यायचे, वहीत नाव लिहायचे, आणि पुढं त्या नावाची जमीन जायची. हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी जाई तोही वही घेऊन, आणि पहिला प्रश्न विचारी तो नावाचाच. लोकांनी मला ओवाळायला हवं होतं असं माझं म्हणणं नाही.

मुळशीहून कोळवणला जाताना खिंडीच्या अलीकडे एका म्हाताऱ्या धनगराचा मेंढवाडा होता. मानमोडीच्या तापाच्या साथीत त्याचा मुलगा आणि सून दोघंही गेली. राहिले आजा आणि चार-पाच वर्षांची नात. पोरगी त्याच्या धोतराचा सोगा धरून मेंढरांमागं हिंडायची. मी बसलो की माझ्या कोटाच्या पितळी बटणाला लोंबकळायची. आजा तिच्यावर खेकसायचा आणि लगेच तिला मांडीवर घ्यायचा. त्याच्या लेखी कोट घातलेला प्रत्येक माणूस मास्तर होता.

"मास्तर, टोचून काय हुतंया?" त्यानं एकदा विचारलं.

मी म्हणालो, "बाबा, तुमच्या मेंढरांना देवी येतात तेव्हा तुम्ही काय करता?"

"कान चिरतो. आजारी मेंढराची खपली वाळवायची, कुटायची न् चिरंत भरायची. दोन दीस तापतंय मेंढरू, पर मरत न्हाई."

"मग मी दुसरं काय करतो? तुम्ही कानाला, मी दंडाला; दोन चिरा वर, दोन खाली. गोष्ट एकच."

म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "आरं तिच्या! मंग आसं सांगा की! टोचा हिला." आणि त्यानं पोरीची बाही वर केली.

माझ्या पेटीत पाच नळ्या होत्या. पोरगी एकच होती. दुपार झाली होती, मी उपाशी होतो, आणि एका पोरीसाठी नळी फोडत नाहीत. मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात खालच्या गावची पोरं इथंच आणतो, सगळ्यांना एकदम टोचू." त्यानं बाही परत खाली केली. त्याला वाईटसुद्धा वाटलं नाही.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी पौडला होतो. तिथला एक पुढारी लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभा होता. धरणावर बोलायची त्याची छाती नव्हती, कारण धरणाच्या ठेक्यात त्याचा सख्खा मेहुणा होता. लोकांना तर सरकारवर कुणीतरी तोंडसुख घ्यायला हवं होतं. मग त्यानं लस धरली. बैलगाडीवर उभा राहून तो म्हणाला, "जमीन घेतली, आता रक्ताला हात घातलाय. वासराच्या पोटावरचा पू तुमच्या लेकरांच्या अंगात घालतात. टोचलेल्या पोरीची कूस उजवत नाही म्हणतात. मी म्हणत नाही हो, लोक म्हणतात! मी फक्त विचारतो."

विचारतो म्हणे! महिन्यापूर्वीच त्याच्या माजघरात, दार लावून, मी त्याच्या दोन्ही नातवांना टोचलं होतं. धाकटा रडत होता म्हणून यानं स्वतः त्याला मांडीवर दाबून धरला होता. "वहीत नाव नको," एवढीच त्याची अट होती, आणि वर मला पुरणपोळी वाढली होती. त्या बाजारात मी ओरडून हे सांगायला हवं होतं. मी गप्प राहिलो. हा माणूस निवडून येणार हे दिसत होतं, आणि मला नोकरी प्यारी होती.

ठरल्या दिवशी मी खालच्या गावात गेलो. बायांनी पोरं आत ओढली आणि दारं लावली. चावडीपुढं वीस-पंचवीस माणसं होती. मी पेटी खाली ठेवली तोच पहिला दगड कानावर बसला. मग कुणीतरी पाठीत नांगराचं रुमणं घातलं. मी पडलो तसे सगळेच तुटून पडले. पेटी आपटली, नळ्या टाचेखाली कराकरा चिरडल्या. एकानं वहीची पानं फाडून माझ्या तोंडात कोंबली. "खा, आमची नावं खा!" असं म्हणत त्यानं वरून काठीचं टोक हाणलं. दात तेव्हा गेले. तोंडात कागद, रक्त आणि दात, आणि ओरडायला जागा नाही. त्यांतल्या दोघांच्या पोरांना मी मागच्या साली टोचलं होतं. तेच दोघं सगळ्यात जोरात मारत होते.

मला सोडवलं ते धनगरानं. आरडाओरडा ऐकून तो कुत्री घेऊन खाली उतरला आणि कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्याची बोथट बाजू, फिरवत गर्दीत घुसला. एकाचा हात मोडल्याचा आवाज मला ऐकू आला आणि त्या अवस्थेतही बरं वाटलं. लंगडं मेंढरू घेतात तसं त्यानं मला खांद्यावर घेतलं आणि बैलगाडीच्या वाटेपर्यंत आणलं. मी हातानं पोरीएवढी उंची दाखवली. त्याला कळलं.

"नातीची काळजी करू नगा, मास्तर. तिचं मी बगतो."

मला वाटलं, म्हातारा धीर देतोय.

दोन महिने मी पुण्यात जबडा बांधून पडून होतो. पेज प्यायची आणि एकेकाचे हात कसे मोडायचे ते ठरवायचं, एवढाच उद्योग. तेवढ्यात खोऱ्यात देवी आल्या. खालच्या गावातच सात-आठ पोरं एका पंधरवड्यात गेली. मला पुन्हा पाठवलं, या खेपेला बंदोबस्ताला शिपाई देऊन.

आम्ही जे केलं त्याला टोचणं म्हणत नाहीत. शिपायांनी दारं फोडली. बाप्यांना जमिनीवर पालथं पाडून पाठीवर गुडघा दिला. मी एका बाईच्या हातातून पोर हिसकावलं, तिनं माझ्या मनगटाचा लचका तोडला, आणि मी तिच्या कानफटात दिली. मग तिच्यासमोरच त्या पोराचा दंड ओरबाडला, हवा त्यापेक्षा खोल. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी खिंडीकडे चढलो. मेंढवाड्याच्या तोंडाशी लिंबाचा डहाळा बांधलेला होता. घरात देवी आल्याची ती खूण. पोरगी घोंगडीवर होती. तोंडावर तिळाएवढीसुद्धा मोकळी जागा उरली नव्हती, डोळे चिकटून मिटले होते. आजा लिंबाच्या पाल्यानं माशा वारत होता.

मला पाहताच त्यानं तिच्या दंडावरचं फडकं बाजूला केलं. फोडांच्या गर्दीतही चार जुने वण दिसत होते. दोन वर, दोन खाली, मी काढतो तसेच नीट.

"तुमी सांगितल्यापरमानंच केलं," तो म्हणाला. "चार चिरा. खपली आपल्याच मेंढराची, सरकारची न्हाई. वासराचा पू नगं म्हनत हुते समदी, म्हनून आपलीच घातली. तापली बी दोन दीस. मंग का आली हिला?"

मी म्हणालो, "बाबा, मेंढराची देवी वेगळी, माणसाची वेगळी."

"तुमीच म्हनाला गोष्ट येकच."

पोरीनं आवाजाच्या दिशेला हात केला. मी कोटाचं बटण तिच्या बोटांत दिलं. तिनं ते धरलं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत ती गेली. आम्ही दोघांनी तिला पुरलं, वर दगड रचले. म्हातारा रडला नाही. मी मात्र ढसाढसा रडलो आणि रडता रडता संतापलो. त्या संतापात मी त्याला सगळं सांगून टाकलं: पुढाऱ्याचं बंद माजघर, मांडीवर दाबून धरलेला नातू, पुरणपोळी, सगळं.

त्यानं ऐकून घेतलं, कुऱ्हाड उचलली आणि पौडची वाट धरली. मी त्याच्यामागं गेलो. थांबवायला गेलो असं मी पुढं पुष्कळांना सांगितलं. ते खोटं आहे. त्या पुढाऱ्याचं डोकं फुटलेलं मला पाहायचं होतं.

पुढारी निवडून आला होता. ओट्यावर हार घालून बसला होता, भोवती माणसं, आणि धाकटा नातू पायाशी खेळत होता. कुऱ्हाड दिसताच स्वारी उठून आत पळाली आणि आतून कडी घातली. नातू बाहेरच राहिला. म्हाताऱ्यानं डाव्या हातानं पोराला उचललं आणि सदऱ्याची बाही खांद्यापासून टरकावली. गोऱ्या दंडावर चार वण होते. सगळ्यांनी पाहिले.

उजव्या हातातली कुऱ्हाड वर गेली होती. मग ती हळूहळू खाली आली. त्यानं अंगठ्यानं एकेक वण चाचपला, मेंढराचा कान चाचपतात तसा.

"ब्येस धरलंय," तो म्हणाला. "ह्यो जगतोय." आणि त्यानं पोराला अलगद खाली ठेवलं.

आतून आवाज आला, "बघता काय, हाणा त्याला!" दोन गडी काठ्या घेऊन धावले. म्हाताऱ्याच्या हातात कुऱ्हाड होती, पण त्यानं ती उचलली नाही. कपाळ फुटलं, एक कान फाटला. मी मध्ये पडलो, चार काठ्या मलाही बसल्या, आणि त्याला ओढत रस्त्यावर आणलं. ओट्यावरची माणसं तशीच बसून होती. दंड पाहूनही त्यांतला एकही उठून गेला नाही.

परतताना तो माझ्यापुढं चालत होता. रक्त मानेवरून घोंगडीत मुरत होतं. खिंड लागली तेव्हा तो थांबला.

"मास्तर, त्या दिशी मी बाही वर केली हुती. त्या दिशी का न्हाई टोचलं?"

"नळ्या संपल्या होत्या, बाबा," मी म्हणालो.

"मंग तुमी तरी काय करनार," असं म्हणून त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मेंढवाड्यापर्यंत तो काढला नाही.