आत्याची रीत

माझ्या आत्याच्या नजरेतून या जगातली एकही वस्तू मोजमाप झाल्याशिवाय सुटलेली नाही. अर्धापूरला तिची केळीची बाग आहे. झाडावरचा घड बघून ती वजन सांगते, आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर अर्धा किलो फरक आला तर त्याला काटा दुरुस्त करायला सांगते. पंगत बसायच्या आधी दारातल्या चपलांवर नजर टाकून ती आणखी किती तांदूळ टाकायचे ते ठरवते; शेवटच्या पानापर्यंत भात पुरतो आणि पातेल्यात मूठभरही उरत नाही. मला बघितल्यावर ती आधी ‘दोन किलो उतरलीस’ म्हणते, मग कशी आहेस ते विचारते.

अशी बाई दहावीच्या गणितात नापास झाली. नववीनंतर सुटलेली शाळा ती पन्नाशीत बाहेरून पूर्ण करत होती. बाकीचे विषय सुटले, गणितात तीन मार्क कमी पडले. उत्तरं बरोबर होती, पण नुसती उत्तरंच होती, रीत कुठेच नव्हती. घरचे म्हणाले, आता पुरे. तिने जुलैच्या फेरपरीक्षेचा फॉर्म भरला, हीच शेवटची खेप असं घरच्यांना कबूल केलं आणि दर रविवारी अकराच्या बसने नांदेडला माझ्याकडे गणित शिकायला येऊ लागली.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. हायपोटेनसला कर्ण म्हणतात हे तिनेच मला शिकवलं. एका त्रिकोणाचा कर्ण मी दहा काढून दाखवला, तर तिने पुस्तकातल्या आकृतीला फुटपट्टी लावली आणि सव्वासहा भरतो म्हणाली. आकृती कच्ची असते, मोजायची नसते, हे पटवण्यात दोन रविवार गेले. मोजायची नाही तर काढली कशाला, हा तिचा प्रश्न मला अजूनही बिनतोड वाटतो. गुणोत्तराचं गणित तर मी वाचून संपवायच्या आतच ती सोडवून मोकळी व्हायची. शेवटी मीही हट्टाला पेटले आणि तिच्या वहीतली बारा बरोबर उत्तरं खोडली.

“उत्तर बरोबर हाय ना? मंग रस्ता कशाला दाखवू? मी पोचले की.”

“तू पोचलीस, आत्या. तपासणारा अजून मुदखेड स्टेशनावर गाडीची वाट बघत बसलाय.”

माझ्याच आवाजाने मी दचकले. आत्याने वही ओढून पहिली ओळ लिहिली. त्या दिवसापासून ती एकेका गणिताला पानभर रीत लिहायची, आता दोन्ही बाजूंना भागू, आता छेद काढू, असं पुटपुटत, वरणाला फोडणी द्यावी तशी.

जुलैत परीक्षेच्या फाटकावर शिपायाने मला आत सोडलं आणि पालकांनी बाहेर थांबायचं म्हणून तिला अडवलं. तिने हॉलतिकीट त्याच्या नाकासमोर धरलं. पेपर सुटेपर्यंत मी त्या फाटकापासून हलले नाही. बाहेर आली तेव्हा तिची बोटं शाईने माखली होती.

“सगळी रीत लिहिली बघ. दोन जागी उत्तर लिहायचं राह्यलं वाटतं.”

एकेचाळीस मार्क पडले. तिने चव्वेचाळीस धरले होते, आणि तपासणाऱ्याचंच चुकलं असणार हे तिने फोनवर मला दोनदा सांगितलं. मग म्हणाली की आता रविवारी यायचं काही काम राहिलं नाही. मी बरं म्हणाले.

त्या रविवारी अकराची बस येऊन गेली. आठवडाभरात मी मोठ्याने बोलायचे ते आत्याच्या शिकवणीचे तेवढेच दोन तास, हे मला तेव्हा कळलं.