टाचांवर बसून चहा

सौदीतल्या अल-खोबरच्या एका खाजगी दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझे बहुतेक पेशंट एकच विचारतात, कामावर परत कधी जाता येईल? साठी ओलांडलेल्या एका जपानी इंजिनिअरांनी मात्र, तासभर टाचांवर कधी बसता येईल, असं विचारलं. म्हणजे आपलं वज्रासन. राहत्या व्हिलामागे त्यांनी जपानी पद्धतीची, चहापानाच्या खोलीकडे नेणारी छोटी बाग केली होती, आणि गुडघा दुखावल्यापासून तिथे कुणाला चहा पाजता आला नव्हता.

पाच महिने त्यांनी एकही व्यायाम चुकवला नाही. ज्या दिवशी ते माझ्यासमोर टाचांवर नीट बसले, त्याच दिवशी त्यांनी मला शुक्रवारी दुपारी चहाला बोलावलं. आई तेव्हा चिपळूणहून माझ्याकडे आली होती. तिलाही घेऊन या, म्हणाले.

बाग म्हणजे आमच्या हॉलएवढी जागा. खजुरीच्या झावळ्यांचं कुंपण, वाळवंटातून आणलेले दगड, शेवाळ इथे जगत नाही म्हणून सावलीच्या जाळीखाली लावलेली बारीक पानांची वेल. एसीतून ठिबकणारं पाणी नळीने तिच्यापर्यंत नेलेलं. पायवाटेचे दोन फाटे होते आणि एकाच्या तोंडाशी काळ्या दोरीने पुडक्यासारखा बांधलेला एक गोटा ठेवला होता. आईला वाटलं, कुणाचं तरी विसरलं. तिने तो उचलला आणि दोन्ही हातांनी यजमानांना नेऊन दिला.

त्यांनी वाकून तो घेतला. मग हळूच सांगितलं, की त्या गोट्याचा अर्थ 'इकडून जाऊ नये' असा असतो. मी आईला मराठीत सांगितलं, तशी ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. दवाखान्यात कधीही न हसलेले ते गृहस्थसुद्धा डोळे पुसेपर्यंत हसले.

चहाच्या खोलीचं दार इतकं बुटकं, की रांगतच आत जावं लागलं. आई मांडी घालून ऐसपैस बसली. मला मात्र आपल्या विद्येचा अभिमान. मी त्यांच्यासारखीच टाचांवर बसले. त्यांनी आधी एकेक मिठाई दिली, मग हिरवी पूड गरम पाण्यात घुसळून वाडगा आईपुढे ठेवला. घोट घेऊन ती मला म्हणाली, "कडू आहे गं. पण इतकं मन लावून केलेला चहा मला आजवर कुणी दिला नव्हता. तसं सांग त्यांना."

मी तसंच सांगितलं, 'कडू'सकट. त्यांनी वाकून नमस्कार केला. मग त्यांनी आईला आणखी एक मिठाई वाढली.

निघताना मी उठायला गेले, तर दोन्ही पाय बधिर. एक पाऊल टाकलं आणि भिंतीवर कलंडले. यजमान सहज उठून माझ्याजवळ आले आणि गंभीरपणे म्हणाले, "आधी पायाची बोटं हलवा. दहा वेळा. घाई करायची नाही."

ही माझीच वाक्यं होती. मी मुकाट्याने बोटं हलवू लागले. आई शेजारी उभी राहून मराठीत मोजत होती, आणि सातवर पोचल्यावर तिने मुद्दाम पुन्हा एकपासून सुरुवात केली.