युद्धनौका आणि फिटरचा टेम्पो

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विषय निघाला की मी गुरं बांधायला उठायचो, नाहीतर गोळीची वेळ झाली म्हणायचो. बायकोलासुद्धा अर्धंच सांगितलं. आता लिहितो आहे त्याला कारण परवा थांब्यावर ऐकलेलं एक बोलणं. एक तरणा पोरगा पिशवी छातीशी धरून गाडीतून उतरला, तर दुसरा त्याला म्हणाला, "झाकून काय आणलंस रे? फिटरचा टेम्पो हाय काय?" सगळे हसले. त्यातल्या एकानेही फिटरला धड पाहिलेलं नव्हतं. लपवून काही आणलं, कुणाचं खाऊन गप्प बसलं, की आमच्या गावात आता असं म्हणतात. ती रीत मी पाडली.

फिटर म्हणजे माझा चुलत भाऊ. मी त्याला दादा म्हणायचो. मुंबईत नौदलाच्या गोदीत फिटर म्हणून त्याचं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन गावी परतला तरी जहाजं त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. आमचं गाव महाडच्या खालच्या अंगाला, सावित्रीच्या काठावर आहे. खाडीतून वर चढणारं भरतीचं पाणी आमच्या धक्क्यापर्यंत येतं.

मी महाडच्या एस.टी. डेपोत कंट्रोलर होतो. गाडी वळणावर दिसायच्या आधी तिच्या आवाजावरून मी सांगत असे, पोलादपूरची आहे की बिरवाडीची. निवृत्त झाल्यावरही गावात चाक वाजलं की लोक माझ्याकडे बघायचे. "कंट्रोलर, कुनाची?" मी सांगायचो आणि ते बरोबर निघायचं. गावात माझ्या शब्दाला वजन होतं ते एवढ्यापुरतंच, पण होतं.

एका हिवाळ्यात महाडच्या नाक्यानाक्यावर फलक लागले. शहरातली काही व्यापारी मंडळी, काही निवृत्त सैनिक, काही पुढारी यांनी समिती केली होती. नौदलाच्या सेवेतून काढलेली एक युद्धनौका बाजारपेठेजवळच्या नदीघाटावर आणून तिचं संग्रहालय करायचं. रायगड बघायला येणारी माणसं पायथ्याच्या हिरकणीवाडीहून परस्पर परत जातात, ती शहरात थांबतील, असं त्यांचं गणित. फलकावर एवढी मोठी नौका काढली होती की घाट तिच्यापुढे घराच्या पायरीसारखा दिसत होता.

देवळाच्या पारावर दोन दिवस त्याच गप्पा.

"म्हाडात पानी शिरतं तवा एक होडी भेटत नाय. आन् आता जहाज आनतायत."

"बरं हाय की. पुरात बसायला होईल."

"तिकीट काढून बसावं लागंल रे तुला."

हसणं संपलं ते फलकावरची खालची ओळ कुणीतरी वाचून दाखवल्यावर. नदीचं पात्र खोल करून नौका खाडीमार्गे आणणार, असं तिथे लिहिलं होतं. खोल करून, हे शब्द आम्हाला नवे नव्हते. वाळूचे पंप आम्ही पाहिले होते. पुराने काठावर आणून टाकलेला गाळ, ज्याला आम्ही मळी म्हणतो, त्यावर आमचा वाल होतो, उन्हाळ्यात कलिंगडं होतात. पात्रात पंप लागला की काठ आतून पोकळ होतो आणि एक दिवस वालासकट पाण्यात बसतो.

"जहाज येईल तवा येईल," आमच्या गावकीचे अध्यक्ष म्हणाले, "वाळू आधी जाईल."

त्या दिवसापासून गावाला सगळ्यात वाळूचा वास येऊ लागला. समितीचा माणूस मोटारसायकलवरून गेला तरी तो काठ मोजायला आला असं वाटे. माझंही तसंच झालं. आणि आमच्या घराला घर लागून असलेला माझा दादा समितीत जाऊन बसला होता.

गोदीतला माणूस म्हणून त्यांनी त्याला बोलावलं होतं. तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून महाडला जायचा आणि परत आला की माझ्या पडवीत बसून काठीने जमिनीवर नौका काढायचा.

"चित्रातली नाय यायची रे. ती लई मोठी. आपल्याला गस्तीची छोटी भेटंल."

"आणि पाणी पुरेल?"

"उधानाच्या भरतीला घेऊ की वर."

"गाळ कोण काढणार?"

"काढतील थोडा."

"कोण काढणार, दादा?"

"समिती बघंल."

त्याचं ते 'समिती बघंल' माझ्या डोक्यात रुतून बसलं. या माणसाला खरंच ठाऊक नाही, की सांगायचं नाही? खरं लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहितो, मला त्याचा हेवा वाटत होता. इतकी वर्षं महाडात मी उभा होतो, सगळं शहर मला ओळखत होतं, आणि समितीने मला चहालाही बोलावलं नव्हतं.

मग एका दिवेलागणीला तो टेम्पो आला. आवाजावरूनच कळलं, फुटका सायलेन्सर, वाळूच्या ठेकेदाराचा. माझ्या अंगणावरून तो दादाच्या अंगणात शिरला. मागे निळी ताडपत्री घट्ट बांधलेली. दादा आणि ड्रायव्हर दोघांनी मिळून काहीतरी जड उतरवलं आणि मागच्या पडवीत नेलं. नंतर एकदोन दिवसांत त्या पडवीवर पत्रे चढले.

टेम्पो आला त्याच्या दुसऱ्या सकाळी दुकानात दूध आणायला गेलो तर दुकानवाली म्हणाली, "काल गाडी कुनाची वो आलेली फिटराकडं?"

"वाळूवाल्याची," मी म्हणालो.

एवढंच. पण म्हणण्याआधी थोडा थांबलो होतो, आणि म्हणून झाल्यावर तिच्याकडे न बघता दुधाची पिशवी घेतली होती. बाकीचं काम गावाने केलं. पत्रे चढले त्या संध्याकाळपर्यंत पारावर पोचलं होतं की वाळूवाल्याकडून फिटराला पत्रे पोचले, आता पाण्याची मोटार यायची आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वहिनींनी कुंपणापलीकडून हाक मारली.

"भावजी, या जरा इकडं. तुमच्या दादांनी घरात काय उकिरडा भरलाय तो बघा."

मी गेलो. मागच्या पडवीत दादा बनियनवर बसून चिंचेने एक पितळी घंटा घासत होता. शेजारी मांडीएवढ्या जाडीच्या दोराची वेटोळी, जाड काचेची एक गोल खिडकी, काटे अडकलेली दाबमापकं, खलाशाचा झोळणा. गोदीतल्या जुन्या सोबत्यांनी भंगारातून राखून ठेवलेलं हे सगळं त्याने मागून आणलं होतं. पत्रेही तिकडच्याच एका मोडलेल्या शेडचे.

"नुसती बोट ठेवून काय करतील?" तो म्हणाला. "लोकांना हात लावायला काय तरी पायजे ना."

"आणि टेम्पो?"

"वाळूवाल्याचा पंप मुंबईला दुरुस्तीला टाकून रिकामा येत होता. ड्रायवर आपल्या पोलादपूरचा. म्हनला, काका, टाका मागं." मग त्याने घंटा उजेडात धरली. "इतक्यात कुनाला बोलू नकोस हां. उद्घाटनाला दाखवायचं."

मी घरी आलो. दुकानात जाऊन "मी चुकलो, त्यात भंगार होतं" म्हणायला अगदी थोडं चालावं लागलं असतं. पण कंट्रोलर चुकला, हे गावाने प्रथमच ऐकलं असतं. शिवाय दादानेच तर बोलू नकोस म्हटलं होतं. ते कारण मी दोन्ही हातांनी धरलं.

रविवारी देवळाच्या सभामंडपात गावकी बसली. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांचं मंडळ नेहमीप्रमाणे फोनवर, फोन पितळी ताटात ठेवलेला, आवाज मोठा यावा म्हणून. नौकेला विरोध करायचं पटकन ठरलं. मग ताटातून आवाज आला, "आणि फिटरभाऊंचं काय? टेम्पो आला का नाय? सीधा बोलो ना."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "कंट्रोलर, गाडी कुनाची होती?"

"वाळूवाल्याची."

"काय उतरलं त्यातनं?"

दादा माझ्या समोरच खांबाला टेकून बसला होता. तो किंचित हसत होता. मला वाटतं, त्याला खात्री होती की आता मी सांगणार, आणि गुपित फुटलं तरी त्याला ते चालणार होतं.

"झाकलेलं होतं," मी म्हणालो.

दोन्ही उत्तरं खरी होती. मी नंतर कित्येकदा स्वतःला हे सांगितलं आहे.

दादाचं हसणं गेलं. आमच्याकडे अशा वेळी देवापुढचा नारळ उचलायला लावतात. नारळ हातात घेऊन खोटं बोलणाऱ्याचं घर बसतं, म्हणून जो उचलत नाही तो खोटा, असा आमचा हिशेब आहे. नारळ पुढे करायचा तो भावकीतल्याच माणसाने. गुरवाने तो माझ्या हातात दिला.

"उचल फिटर, आन् सांग वाळूवाल्याचं काय घेतलं नाय," अध्यक्ष म्हणाले.

दादाने नारळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"याच्या हातनं?" तो म्हणाला. "नाय उचलनार. मला काय इचारता? त्याला इचारा."

आणि तो पुन्हा खांबाला टेकला. त्याने मला शेवटची संधी दिली होती. पण मला कुणी काही विचारलं नाही. नारळ तसाच परत गेला आणि गावाला हवं ते कळलं.

वाळीत टाकलं असं कुणी म्हटलं नाही, आता त्याविरुद्ध कायदा आहे. फक्त त्याच्या घरी कुणी जाईना. लग्नाची पत्रिका त्याच्या दारापर्यंत येऊन पुढच्या दाराला लागायची. शिमग्याला वहिनींनी अंगण सारवून रांगोळी काढली, ओटीचं ताट घेऊन उभ्या राहिल्या. देवीची पालखी त्यांच्या अंगणाच्या तोंडाशी आली आणि भोयांनी ती माझ्या अंगणात वळवली. मी ती खांद्यावर घेतली आणि नाचवलीसुद्धा. दादा दारात उभा होता, तो आत गेला. पुढे समितीही त्याने सोडली. पावसाच्या आधी दोघं बिरवाडीला मुलीकडे राहायला गेली, कारखान्यातल्या कामगारांच्या चाळीत, एका खोलीत.

नौका आली. ती नदीतून आलीच नाही. एवढं पात्र खोल करणं जमणार नाही म्हणून समितीने तो बेत सोडला आणि लहानशी गस्तीची नौका, वरचा भाग वेगळा करून, लांबलचक ट्रेलरवर हायवेने आणली. तिच्यासाठी नदीतून टोपलीभर गाळही निघाला नाही. वाळूचे पंप मात्र पुढच्या वर्षी आलेच, कसलंही निमित्त न सांगता. वाळूला युद्धनौकेची गरज नव्हती. आमची निम्मी मळी गेली. गावाचा संशय खरा होता, फक्त माणूस चुकला होता, आणि तसं गावकीत कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

त्याच उन्हाळ्यात नौकेचं उद्घाटन झालं, त्याला मी गेलो. नौका काँक्रीटच्या उशांवर ठेवली होती. "एवढुशीच? एस.टी.पेक्षा जरा मोठी हाय," कुणीतरी म्हणत होतं. घंटा पुढच्या बाजूला टांगली होती आणि मुलं दोरी ओढत होती. कुणी दिली, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. खाली गर्दीत दादा नौकेच्या अंगावर तळहात ठेवून उभा होता.

"आलास?" तो म्हणाला.

"आलो."

"रंग चुकलाय. यापेक्षा काळपट असतो."

आत्ता बोल, आत्ता बोल, असं माझं मलाच चाललं होतं.

"चहा घेशील?" मी म्हणालो.

"नको. साखर झालीय मला."

त्याच पावसाळ्यात त्याची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी बिरवाडीला गेलो. खोलीत कॉटवर तो खिडकीकडे तोंड करून पडला होता. वहिनी चहा ठेवायला उठल्या.

"बोला तुम्ही, भावजी. ऐकू येतं त्यांना सगळं. आपल्या मानसाचा आवाज आला की बरं वाटतं."

मी काय केलं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. गावकीत काय झालं ते दादाने घरी सांगितलंच नसावं, माझ्यापुरतं तरी. मी त्याचा डावा हात हातात घेतला. मळी गेल्याचं सांगितलं. रविवारी नौकेवर गर्दी असते, सव गावच्या गरम झऱ्यांवर आलेली माणसंही पुढे तिकडे जातात, ते सांगितलं. तो डोळे न हलवता ऐकत होता. आणखी काही येणार आहे, असं त्याला कळत असावं. स्टोव्हचा आवाज बंद झाला.

"निघतो दादा," मी म्हणालो. "शेवटची गाडी चुकेल."

शेवटच्या गाडीला अजून बराच अवकाश होता, आणि ते त्यालाही माहीत होतं. त्याने माझी बोटं सोडली. नवरात्राच्या आत तो गेला.

त्या दिवशी वाक्य माझ्याजवळ तयार होतं. महाडपासून बिरवाडीपर्यंत गाडीत मी ते मनात म्हणत गेलो होतो. दादा, टेम्पोत काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि सगळ्यांसमोर मला विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही. तू चोर नव्हतास. मला माफ कर.