अविनाशने नेलेले माझे वडील

अविनाश गेल्याचं मला हायवेवर कळलं. शुगर लँडहून ह्यूस्टनला ऑफिसला निघालो होतो, ट्रॅफिक तुंबलेलं, सकाळी आठलाच बाहेर घामाच्या धारा. फोनवर त्याची बायको, मंजिरी वहिनी, शांतपणे म्हणाल्या, "मिलिंद भावजी, हे गेले. हार्ट..." पुढचं त्यांना बोलवेना. मी गाडी कडेला घेतली. पंचवीस वर्षांचा मित्र गेल्यावर माणूस रडतो. मला मात्र राग आला. याला जाब विचारायचा तो अर्धाच राहिला, याचा राग. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हा नियम ज्यांनी केला त्यांच्या घरातलं बहुधा कुणी काही नेलेलं नसावं. दीड महिना झाला, राग तसूभरही उतरलेला नाही, म्हणून लिहितो आहे.

आमची ओळख अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातली. दोघंही इंजिनीअरिंग शिकायला आलेलो, एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. तो पुण्याचा ब्राह्मण, वडील साखर कारखान्यात मॅनेजर, दारात गाडी आणि गाडीला ड्रायव्हर. मी नागपूरचा बौद्ध. माझे वडील, संपत रामटेके, जिल्हा न्यायालयात पट्टेवाले होते. कोर्टरूमच्या दाराशी उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. शाळा सुटली की मी तिथल्या व्हरांड्यात बसून गणितं सोडवायचो, आणि दर दहा मिनिटांनी त्यांचा आवाज अंगावरून जायचा. बाहेर बर्फ पडत असला की अविनाश मी केलेला वरणभात समोर घेऊन बसायचा आणि म्हणायचा, "सांग ना यार, कोर्टाचं सांग." मी सांगायचो. एवढ्या मोठ्या घरातल्या मुलाला माझ्या वडिलांच्या गोष्टी ऐकाव्याशा वाटतात, याचं मला तेव्हा कौतुक वाटायचं. मूर्खच होतो मी.

पुढे त्याने इंजिनीअरिंग सोडून कायदा केला, पेटंटचा वकील झाला आणि ह्यूस्टनला आला. मी आधीच इथे तेल कंपनीत होतो. मग त्याच्या डोक्यात भरलं की आपण फेडरल कोर्टात जज व्हायचं. इथे खटले चालवणाऱ्या त्या जजला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मान्यता देते, आणि एकदा बसला की तहहयात बसला. अविनाशने काय करावं? आमच्या भागातल्या एकूण एक जजची माहिती जमवून त्याने फाइल केली. कोण कुठल्या लॉ स्कूलचा, कोण किती वर्षं सरकारी वकील होता, कोण आधी राज्याच्या कोर्टात बसला होता, कोणाची कुठल्या सिनेटरशी घसट होती. लग्नाळू मुलीचा बापसुद्धा इतक्या पत्रिका बघत नसेल. निम्मेअधिक जज आधी सरकारी वकील होते असं दिसल्यावर या गृहस्थाने चांगली चालणारी प्रॅक्टिस सोडून सहा वर्षं सरकारी वकिली केली. शनिवारी गरिबांना फुकट सल्ला द्यायला लागला, तोही फाइलीत तसं होतं म्हणून. गरिबांची त्याला कधी पर्वा नव्हती, हे मी त्याच्याबरोबर राहिलो असल्यामुळे खात्रीने सांगतो.

एकदा माझ्या बॅकयार्डमध्ये कणसं भाजत असताना तो म्हणाला, "यांच्यात प्रत्येकाचा बाप काहीतरी असतो रे. कुणाचा खाणीत, कुणाचा कापूस वेचणारा. माझा बाप मॅनेजर. माझी स्टोरीच नाही." मी हसलो, आणि हसत हसत त्याला आणखी एक कणीस दिलं.

दोन हजार पाच साली त्याचं नाव खरोखरच वर गेलं. नेमणुकीआधी सरकार माणसाची पूर्ण चौकशी करतं, शेजारी-मित्र सगळ्यांना विचारतं. तशी एक एफबीआयची बाई माझ्याकडे आली. आम्हाला खोटं सांगणं हा गुन्हा आहे, हे तिने आधीच बजावलं. अविनाश पितो किती, भांडतो का, कुणाचा द्वेष करतो का, असं विचारून झाल्यावर तिने कागद उलटला. म्हणाली, त्याने नेमणुकीसाठी दिलेल्या पत्रात लिहिलंय की त्याचे वडील नागपूरच्या कोर्टात नावं पुकारायचे, तुम्हीही नागपूरचे, तुम्हाला हे माहीत असेलच... माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो माझ्याच घरात फणा काढून बसला होता.

आणि मी म्हणालो, "हो. पट्टेवालेच होते. फार सज्जन माणूस."

का म्हणालो? मित्र होता, हे एक कारण. आपलीच माणसं आपले पाय ओढतात हा टोमणा नको होता, हे दुसरं. तिसरं सांगायची लाज वाटते, तरी सांगतो. वॉशिंग्टनच्या कुठल्या तरी कागदावर माझे वडील एका जजचे वडील म्हणून नोंदले जाणार, हे क्षणभर मला आवडलं होतं. त्या क्षणासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही, मग त्याला कुठून करू?

त्याच संध्याकाळी मी त्याला घरी बोलावलं आणि सरळ विचारलं. तो ओशाळेल असं वाटलं होतं. त्याने खांदे उडवले.

"तुझी स्टोरी नुसती पडून होती यार. तू थोडाच जज होणार होतास?"

"पट्टेवाला घेतलास ना? मग आमची जातही लिहायचीस."

"ते इथे कुणाला एक्सप्लेन करत बसू?" असं म्हणून त्याने गाडीची किल्ली उचलली.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. त्याची नेमणूक काही झाली नाही. वॉशिंग्टनचे फोन हळूहळू बंद पडले आणि त्या खुर्चीवर दुसराच माणूस बसला. त्या माणसाचे वडील स्वतः जज होते! मला आनंद झाला. उगाच साळसूदपणा कशाला, चांगला उकळ्या फुटण्याइतका आनंद झाला.

शोकसभा इथल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये झाली. एक निवृत्त गोरे जज उठले आणि म्हणाले की कोर्टाच्या पट्टेवाल्याचा हा मुलगा न्यायासनाच्या अगदी पायरीपर्यंत पोचला होता. लोकांनी डोळे पुसले. माझी सोळा वर्षांची मुलगी सुजाता शेजारी बसली होती. ती कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, दॅट्स आवर आजोबा, राइट?" मी तिचा हात दाबला आणि गप्प बस म्हणालो. पार्किंग लॉटमध्ये तिने एवढंच विचारलं, "यू न्यू? अँड यू लेट हिम?" मी गाडी चालू केली. घरी पोचेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती, आणि पुढे दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलली.

गेल्या रविवारी तिला घेऊन मी मंजिरी वहिनींकडे गेलो. ते पत्र बघायचंय म्हणालो. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. अविनाशच्या खोलीत नेलं. टेबलावर त्याचा चष्मा अजून उघडाच पडलेला, कोट खुर्चीच्या पाठीवर. ड्रॉवरमधून पत्राची प्रत काढून देताना त्या म्हणाल्या, "टाइप मीच करून दिलं होतं भावजी. तेव्हा तुमचा विचारसुद्धा मनात आला नाही."

सुजाताने ते मोठ्याने वाचलं. इंग्रजी देखणं होतं, ते कबूल करायला हवं. वडिलांचं नाव कुठेही नव्हतं, 'माझे वडील' एवढंच. पण घसा टिकावा म्हणून ते रोज संध्याकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायचे, हे होतं. पितळी बिल्ला चिंचेने घासायचे, हे होतं. मी स्वतः विसरलो होतो हे. ते पितळ, तो चिंचेचा वास... या मेल्याने इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. त्याचाही मला संताप आला.

मग पुढचं वाक्य आलं. माझे वडील रोज सकाळी न्यायाधीशांच्या टेबलावर पाण्याचा पेला नेऊन ठेवत.

नव्हते ठेवत. माझे वडील त्या कोर्टात एकतीस वर्षं होते, आणि साहेबांच्या पाण्याला त्यांना कुणी कधी हात लावू दिला नाही. त्यासाठी दुसरा शिपाई होता. हे मी अविनाशला स्टेट कॉलेजमध्ये सांगितलं होतं, आणि तो जेवता जेवता थांबला होता. गुळण्या लक्षात राहिल्या आणि हे राहिलं नाही, असं होत नाही.

मी ते सुजाताला तिथेच, वहिनींच्या समोर, मराठीत सांगितलं. याआधी कधी सांगितलं नव्हतं. सुजाताने टेबलावरचं अविनाशचं पेन उचललं, त्या एका वाक्यावर रेघ मारली आणि पत्राची घडी करून माझ्या हातात दिली.

पत्र आता माझ्याकडे आहे. माझ्या वडिलांबद्दल आजवर कुणी काही लिहिलेलं असेल तर ते एवढंच. खाली सही अविनाशची आहे.